बालसंरक्षणाच्या कामासाठी फंड कसा मागायचा: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

लहान संस्थांची बालसंरक्षणाची प्रपोजल्स माझ्याकडे तपासायला येतात आणि बहुतेकांत एकच घोळ असतो. शाळांमधली सेशन्स, पालक मेळावे, पोस्टर, पथनाट्य, रॅली या सगळ्यासाठी पैसे मागितलेले असतात. पण सेशन संपल्यावर एखादी मुलगी ताईंना बाजूला घेऊन काही सांगायला लागली तर पुढे कोण काय करणार, तिला कुठे न्यायचं, गाडीभाडं कोण देणार, समुपदेशक कुठून येणार, यासाठी बजेटमध्ये एक ओळसुद्धा नसते. मुलांना बोलतं करायचं आणि मग एकटं सोडायचं, हे फंड न मिळण्यापेक्षा वाईट आहे. म्हणून खालचा क्रम असा लावलाय की आधी ती व्यवस्था उभी राहील आणि मगच पैसे मागितले जातील.

हे महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत संस्थांसाठी लिहिलंय. गोव्यात केंद्राचे कायदे तेच आहेत, पण तिथे २००३ चा गोवा बाल कायदा आणि त्याखालचं बाल न्यायालय वेगळं आहे, त्यामुळे टप्पा ३ तिथल्या माणसांना विचारूनच भरा.

## टप्पा १: आधी आपल्या संस्थेत मुलं सुरक्षित आहेत का ते बघा

चांगला फंडर पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि नाही विचारला तरी हे करायचंच.

१. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. यात पगारी कार्यकर्ते आले, स्वयंसेवक आले, ड्रायव्हर आला आणि शनिवारी चित्रकला शिकवायला येणारे सरही आले. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) नियम २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संपर्क असलेल्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पडताळणी ठराविक काळाने करावीच लागते, एकदा केली आणि फाईलला लावली असं चालत नाही.

२. बाल संरक्षण धोरण लिहा, चार पानांचं पुरे. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, मुलाचा नंबर वैयक्तिक फोनमध्ये ठेवून चॅट करायचं नाही, फोटो कोण काढणार, तक्रार कोणाकडे जाणार, आणि तक्रार संस्थेच्या अध्यक्षांबद्दलच असेल तर कोणाकडे जाणार. हा शेवटचा मुद्दा नव्वद टक्के नाही, जवळपास सगळेच विसरतात.

३. कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करून ते मंजूर करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

सावधान: नेटवरून दुसऱ्या संस्थेचं धोरण उतरवून नाव बदलू नका. फंडरची माणसं फिल्डवर येतात आणि थेट कार्यकर्त्या ताईंना विचारतात, "तुम्हाला काही कळलं तर कोणाला फोन कराल?" तिथे उत्तर अडलं की धोरणाची पीडीएफ कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही.

## टप्पा २: काम अरुंद करा

"तालुक्यातील बाल अत्याचार व दुर्लक्ष निर्मूलन" असं नाव असलेलं प्रपोजल पहिल्या चाळणीत पडतं, कारण त्यातून काहीच कळत नाही. अत्याचार आणि दुर्लक्ष या दोन गोष्टींची कारणं वेगळी, त्यांची माणसं वेगळी, उपायही वेगळे.

उदाहरण बीडकडचं घेऊ. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर असतात. मुलं सोबत गेली तर शाळा सुटते आणि फडावर लहानग्यांना बघायला कोणी नसतं. मागे ठेवली तर म्हातारी आजी आणि तीन नातवंडं असं घर चालतं, मोठ्या मुलीची काळजी कोण घेणार या भीतीने तिचं लग्न लवकर उरकलं जातं. इथे दुर्लक्ष होतं ते आईबापाला माया नाही म्हणून होत नाही, उचल घेतलेली असते आणि कोयता उचलल्याशिवाय ती फिटत नाही म्हणून होतं. अशा ठिकाणी 'पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे' असं व्याख्यान देण्यासाठी कोणी पैसे का द्यावेत? तिथे हंगामी वसतिगृह वेळेत सुरू होतंय का, आजीला महिन्याचा आधार मिळतोय का, फडाजवळ लहान मुलांना बघायची सोय आहे का, हे काम आहे.

याउलट शहरातल्या एखाद्या वस्तीत प्रश्न असा असतो की आईवडील दोघं कामावर, शाळा अर्ध्या दिवसाची, आणि दुपारी १ ते ७ मुलं गल्लीत. तिथे दुपारचं केंद्रच सगळ्यात मोठा प्रतिबंध ठरू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसोबत २०१६ मध्ये इन्स्पायर नावाने सात मार्गांचा एक संच दिला: कायद्याची अंमलबजावणी, समाजातल्या समजुती बदलणं, सुरक्षित जागा, पालकांना आधार, कुटुंबाचं उत्पन्न, मदतीच्या सेवा, आणि शिक्षण व जीवनकौशल्यं. मोठे फंडर हा संच ओळखतात. पण सातही मार्ग आम्ही करू असं लिहू नका, लहान संस्थेने दोन निवडावेत, आणि माझं ठाम मत आहे की त्यातला एक मदतीच्या सेवांचाच असावा.

तपासा: तुमचं काम एका वाक्यात असं सांगता येतंय का: कोणत्या गावातली, कोणत्या वयाची मुलं, कोणत्या महिन्यांत, कोणत्या धोक्यापासून? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: मूल बोललं तर पुढे काय, ते कागदावर उतरवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पैसे लागत नाहीत, फक्त फिरावं लागतं.

१. कायदा आधी सगळ्या टीमला नीट सांगा. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची बैठक घेऊन ठरवू असा पर्यायच नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्याच हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. कार्यकर्त्यांना एक भीती कायम असते की माहिती चुकीची निघाली तर आपण अडकू, तर प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीसाठी कायद्याने संरक्षण दिलंय हेही त्यांना सांगा.

२. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, बाल कल्याण समिती (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी) कोणत्या वारी बसते ते विचारा, तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते लिहून घ्या. पॉक्सोच्या केसमध्ये मुलाला मदत करायला समिती सहायक व्यक्ती नेमू शकते, तुमच्या तालुक्यात अशी माणसं आहेत का बघा. १०९८ या बाल हेल्पलाइनला स्वतः फोन लावून बघा, ही सेवा आता सरकारी यंत्रणेकडून चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे, त्यामुळे जुन्या ओळखीवर विसंबून राहू नका.

३. दवाखाना ठरवा. वैद्यकीय तपासणी कुठे होते, रात्री होते का, तिथे महिला डॉक्टर असतात का.

४. समुपदेशक ठरवा. बहुतेक तालुक्यांत हाच दुवा तुटलेला असतो. जिल्ह्याच्या गावाला एक असतात, आठवड्यातून एक दिवस वेळ देतात. हरकत नाही, पण तो दिवस, त्यांचं मानधन आणि मुलाला घेऊन जायचा-यायचा खर्च लिहून ठेवा, कारण हेच पुढे बजेटमध्ये जाणार आहे.

५. गावात कोण आहे ते बघा. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असते, शेवटची बैठक कधी झाली ते रजिस्टर मागून बघा. बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवक जबाबदार असतात, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई यांना घरोघरचं माहीत असतं, त्यांच्याशी आधी बोला, त्यांच्यावर नवं रजिस्टर लादू नका.

६. हे सगळं एका पानावर क्रमाने मांडा: मूल बोललं, पहिल्या तासात कोण काय करणार, २४ तासांत काय, आठवड्याभरात काय, महिन्यानंतर मुलाकडे कोण जाणार. हेच पान प्रपोजलला जोडायचं.

सावधान: कार्यकर्त्यांनी मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही. "नक्की का? आधी का नाही सांगितलंस? कोणी बघितलं का?" असे प्रश्न मुलाला गप्प करतात आणि केसचंही नुकसान करतात. ऐकायचं, तुझं काही चुकलं नाही म्हणायचं, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि या पानावरची साखळी सुरू करायची. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही.

तपासा: टीममधल्या सगळ्यात नवीन माणसाला हे पान न बघता पहिल्या २४ तासांचा क्रम सांगायला लावा.

## टप्पा ४: कागदपत्रांची फाईल

यात नवीन सांगण्यासारखं कमी आहे, पण अडकतात सगळे इथेच.

महाराष्ट्रात संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली असली तरी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्रही लागतं. घटना, ट्रस्ट डीड, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आयकराची विवरणपत्रं, १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) हे एका फोल्डरमध्ये ठेवा. १२ए आणि ८०जी आता कायमची नसतात, मुदत संपते, मुदतीची तारीख कॅलेंडरला लावा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, लोक जुन्याच नावाने बोलतात, म्हणून फॉर्म भरताना सीएंना दाखवूनच नंबर टाका. सीएसआरचा (कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामासाठी खर्च करायचा) पैसा हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआर खर्च करूच शकत नाही.

सगळ्यात जास्त रखडणारी गोष्ट म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले, एखादे वारले, नवे घेतले आणि चॅरिटी ऑफिसला बदल अर्ज दिलाच नाही, किंवा दिला आणि वर्षानुवर्षं तसाच पडलाय. मग ठरावावर सह्या करणारी माणसं वेगळी आणि शेड्यूल वनवरची (चॅरिटी ऑफिसच्या नोंदीतली) वेगळी, बँक आणि फंडर दोघंही थांबतात. प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि अर्ज क्रमांक फाईलला लावा आणि फंडरला आपणहून आधीच सांगा, त्यांना नंतर सापडलं तर विश्वास जातो.

तुम्ही निवासी बालगृह चालवत असाल तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खालची नोंदणी हवीच. वसतिगृह म्हणवून घेऊन ही नोंदणी टाळणाऱ्या संस्थांना फंड देणं फंडरसाठीही धोक्याचं आहे.

तपासा: संस्थेचं नाव पॅन, बँक, १२ए आणि नोंदणी प्रमाणपत्रावर अक्षरशः सारखं आहे का? 'मंडळ' आणि 'संस्था' एवढ्या फरकानेही फॉर्म परत येतो.

## टप्पा ५: कोणाकडे मागायचं

सीएसआर. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यापैकी एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. अडचण अशी की त्या कायद्यातल्या परिशिष्ट सातच्या (सीएसआरखाली चालणाऱ्या विषयांच्या) यादीत बालसंरक्षण असा वेगळा विषयच नाही. म्हणून तुमचं काम यादीतल्या कोणत्या विषयात बसतं ते तुम्हीच लिहून द्या: शाळेतलं सुरक्षितता शिक्षण हे शिक्षणात, मुलींचे बालविवाह रोखणं हे लिंगसमानतेत, समुपदेशन आणि उपचार हे आरोग्यात, स्थलांतरित कुटुंबांचं काम हे मागास घटकांची विषमता कमी करण्यात. हे कंपनीच्या सीएसआर मॅडम किंवा सर शोधून काढतील असं समजू नका, त्यांना बोर्डापुढे उत्तर द्यायचं असतं, ते वाक्य तुम्ही तयार द्या. अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो हेही लक्षात ठेवा, नवी संस्था असेल तर अनुभवी संस्थेसोबत भागीदारीत जा किंवा खालच्या दोन मार्गांनी सुरुवात करा.

वेळ महत्त्वाची. नवं आर्थिक वर्ष लागण्याच्या आधीपासूनच बोलणं सुरू व्हायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन येतो की पैसे शिल्लक आहेत, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, आणि मग शाळेच्या बॅगा वाटल्या जातात. त्यांना सांगा की कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालू शकतं आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. बालसंरक्षणाचं काम एका वर्षात होत नाही, तेव्हा हीच मागणी करा.

फाउंडेशन आणि मोठे दाते. इथे यादीचं बंधन नसतं, पगार आणि संस्थेच्या बांधणीसाठी पैसे मिळण्याची शक्यता जास्त. प्रश्न मात्र खोल विचारतात.

आपली माणसं. गावातले व्यापारी, माजी विद्यार्थी, नोकरीला पुण्या-मुंबईत गेलेले. रक्कम लहान पण बंधनं कमी, म्हणून तातडीचा निधी इथून उभा करावा. दोन हजारांच्या वर रोख घेतली तर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, आणि देणग्यांचं विवरण दरवर्षी ३१ मे पर्यंत भरावं लागतं.

परदेशातली मराठी माणसं. इथे मोठी गफलत होते. परदेशात राहणारे पण पासपोर्ट भारतीय असलेले, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. आधी पासपोर्टची प्रत मागा, मग खाते क्रमांक द्या. एफसीआरए असेल तर पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

## टप्पा ६: बजेट

आधी टप्पा ३ चं पान समोर ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक पायरीला किती खर्च येतो ते लिहा, मग बाकीचं.

समजा २५ शाळा आणि त्यांच्या गावांचं एक वर्षाचं काम आहे. चार कार्यकर्ते महिना १६,००० प्रमाणे ७.६८ लाख, एक समुपदेशक ३०,००० प्रमाणे ३.६० लाख, एक समन्वयक २८,००० प्रमाणे ३.३६ लाख. प्रवास १.८० लाख, प्रशिक्षण आणि साहित्य १.५० लाख, मुलांसाठी तातडीचा निधी ६० हजार, समुपदेशकाला वरिष्ठांचं मार्गदर्शन ३६ हजार, नोंदी आणि मूल्यमापन १ लाख, हिशेबनीस आणि ऑडिट १.२० लाख, ऑफिस भाडं-वीज-फोन १.४० लाख. एकूण २२.५० लाख. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले पगार टाका, पण प्रमाण बघा: जवळपास दोन तृतीयांश पैसा माणसांवर आहे. तसाच असायला हवा, कारण या कामात माणूसच साधन आहे. "पगार फार दिसतायत, थोडे कमी करून बॅनर आणि किट वाढवा" असं कोणी सुचवलं तर नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा आणि का ते सांगा.

तातडीचा निधी म्हणजे रात्रीची गाडी, कपडे, जेवण, कोर्टाच्या तारखेला आईचा बुडालेला रोज. सरकारी मदत मिळू शकते पण ती यायला वेळ लागतो, तेवढ्या दिवसांसाठी हा निधी. समुपदेशकाला मार्गदर्शन ही ओळ सगळे कापतात आणि वर्षभरात समुपदेशक सोडून जातात. दिवसभर असल्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःलाही बोलायला कोणीतरी लागतं.

नेहमीची चूक: "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो" म्हणून संस्था आपलं भाडं आणि हिशेबनीस लपवतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे, प्रकल्प राबवण्याच्या खर्चाला ती लागत नाही. एफसीआरएची २० टक्क्यांची मर्यादा ही वेगळीच गोष्ट. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.

आणखी एक: सरकार ज्यासाठी पैसे देतं त्यासाठी फंडरकडे मागू नका. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलाला महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व आहे, राज्याची बालसंगोपन योजना आहे. तुम्ही मागायचं ते अर्ज भरून घेणाऱ्या, दाखले गोळा करणाऱ्या, बाल कल्याण समितीपुढे आजीसोबत उभ्या राहणाऱ्या कार्यकर्तीचा पगार. तिच्या एका पगारावर कितीतरी घरांत महिन्याचे पैसे सुरू होतात, फंडरला हे लगेच पटतं.

## टप्पा ७: प्रपोजल लिहिणं

आधी दोन पानांची कन्सेप्ट नोट पाठवा, सविस्तर नंतर. प्रश्न, गाव, मुलं, काय करणार, मूल बोललं तर काय, किती पैसे, बास.

आकड्यांचं सांगतो. २००७ चा केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास सगळे वापरतात, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं, त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. वापरा, वर्ष लिहून वापरा. पण "आमच्या तालुक्यात ५३ टक्के मुलं पीडित" असं लिहिणं खोटं आहे. तालुक्याचं चित्र तुमच्याच नोंदींमधून द्या: किती मुली आठवीनंतर शाळेत आल्या नाहीत, हंगामात पटावरची किती मुलं गावात नसतात. मुलांना थेट अत्याचाराबद्दल विचारणारा सर्व्हे मात्र स्वतःच्या मनाने करू नका, प्रश्न विचारून आधार न देणं हीसुद्धा इजाच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "वर्षभरात अत्याचाराचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी करू" असं कधीही लिहू नका. काम चांगलं चाललं तर पहिल्या वर्षात तक्रारी वाढतात, कारण आधी गप्प असलेली मुलं बोलायला लागतात. तुम्ही घट कबूल केलीत तर वर्षाअखेरीस टीमवर दबाव येतो की केस नोंदवू नका, आकडा वाढतोय. मुलांच्या संरक्षणाचं प्रपोजलच मुलांना गप्प करायला लागतं. म्हणून तक्रारी वाढतील हे आधीच लिहून द्या आणि त्याऐवजी हे मोजा:

मूल बोलल्यापासून पोलीस आणि समितीला कळेपर्यंत किती वेळ गेला. समुपदेशकाची पहिली भेट कितव्या दिवशी झाली. किती शिक्षक आणि सेविकांना क्रम तोंडपाठ सांगता आला. तक्रारपेटी दर आठवड्याला उघडली का आणि नोंद झाली का. किती कुटुंबांना योजनेचे पैसे प्रत्यक्ष खात्यात आले, नुसते अर्ज मोजायचे नाहीत. हंगाम संपल्यावर किती मुलं त्याच वर्गात आहेत.

तपासा: शाळेत काम असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आहे का? प्रपोजल मंजूर झाल्यावर परवानगीसाठी फिरायला लागलात तर पहिली तिमाही त्यातच जाते, आणि जून चुकला की सहामाही परीक्षेपर्यंत शाळा वेळ देत नाही.

## टप्पा ८: भेट आणि करार

फंडर म्हणतील फिल्ड दाखवा. दाखवा, पण पीडित मूल दाखवायचं नाही, कितीही मोठा देणगीदार असला तरी नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पॉक्सोचं कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, शाळा, गाव, आईचा चेहरा, घराचा फोटो यातूनही ओळख पटते. दाखवायचं ते शिक्षकांचं प्रशिक्षण, पालकांची बैठक, रजिस्टर.

एमओयू (करारपत्र) सही करण्याआधी ही कलमं वाचा:

- फोटो-व्हिडिओचा हक्क कोणाकडे, आणि मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असं स्पष्ट लिहिलंय का.
- केसची माहिती फंडरला किती द्यायची. फक्त आकडे, केस फाईल नाही, हे लिहून घ्या.
- हप्ते किती आणि कधी. पहिला हप्ता उशिरा आला तर काम कधीपासून मोजणार.
- एका ओळीतून दुसऱ्या ओळीत किती टक्के रक्कम न विचारता हलवता येते.
- मध्येच बंद केलं तर किती दिवसांची नोटीस. तीस दिवस पुरत नाहीत, नव्वद मागा.

लोगो कुठे लागणार तेही आत्ताच ठरवा. समुपदेशनाच्या खोलीवर आणि मुलांच्या अंगावरच्या टीशर्टवर नको, वार्षिक अहवालात आणि प्रशिक्षणाच्या साहित्यावर चालेल.

## टप्पा ९: पैसे आल्यावर

पहिले तीन महिने शाळेत एकही सेशन घेऊ नका. आधी भरती, पडताळणी, प्रशिक्षण, टप्पा ३ ची साखळी पुन्हा फिरून पक्की करणं, समुपदेशकाचे दिवस ठरवणं. प्रपोजलच्या वेळापत्रकातच हे लिहिलेलं असेल तर कोणी घाई करत नाही.

प्रकल्पाचं वेगळं लेजर ठेवा, शक्य असेल तर वेगळं बँक खातं. प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव त्याच दिवशी टाका, मार्चमध्ये बसून बिलं वाटू नका. तातडीच्या निधीच्या व्हाउचरवर मुलाचं नाव लिहायचं नाही, केस क्रमांक लिहायचा, नाव-क्रमांकाची यादी कुलपात आणि ती ऑडिटरला दाखवायची पद्धत आधीच बोलून ठेवायची. पैसे ठरल्याप्रमाणे वापरले गेलेत हे कंपनीच्या वित्त प्रमुखांना सही करून सांगावं लागतं, म्हणून तुमचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे वापरल्याचा दाखला) उशिरा गेलं की पुढचा हप्ता अडकतो.

रिपोर्टमध्ये काय जमलं नाही ते लिहा. दोन शाळांनी वेळ दिला नाही, एक कार्यकर्ता सोडून गेला, बाल कल्याण समितीचं कोरम तीन वेळा झालं नाही, हे वाचलेला फंडर पुढच्या वर्षीही सोबत राहतो, फक्त हसऱ्या फोटोंचा रिपोर्ट वाचलेला राहीलच असं नाही. केस स्टोरी लिहायचीच असेल तर दोन-तीन घटना एकत्र करून, गाव-वय-नातं बदलून लिहा आणि तसं केलंय हे खाली नमूद करा.

## टप्पा १०: फंड संपताना

हे पहिल्या दिवशीच ठरवायचं असतं. फंड ३१ मार्चला संपतो, केस संपत नाही, कोर्टाची तारीख ऑगस्टमध्ये असते.

चालू केसची यादी शेवटच्या तिमाहीच्या सुरुवातीलाच काढा. प्रत्येक मुलामागे एक नाव लिहा: यापुढे कोण भेटणार. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा आणि पोच घ्या. समुपदेशकांनी मुलांना समोरासमोर सांगायचं की आता मी येणार नाही, या ताई येतील, आणि त्या ताईंची ओळख करून द्यायची, निदान दोन भेटी एकत्र व्हाव्यात. फाईली कुलपात राहतील आणि किल्ली कोणाकडे, याचा ठराव करा. या हस्तांतरासाठी समुपदेशक आणि एका कार्यकर्त्याचा दोन महिन्यांचा जादा पगार लागतो, तो पहिल्याच बजेटमध्ये वेगळी ओळ करून टाका, शेवटी मागितलेला मिळत नाही.